गोत्री ते गोत्री, हरणीमार्गे

“बेन, तुमचे मोहिते काका आम्हाला एक रुपया देत नाहीत आणि गाडीचा हप्ता मात्र वेळेवर भरतात. हे कसं चालेल?”

तेजसभाई फोनवर ओरडत नव्हते. ते कधीच ओरडत नाहीत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटते. काकांना सगळ्यात मोठं कर्ज देणाऱ्या बँकेचे ते अधिकारी. बडोद्यातच वाढलेले, शेजार मराठी, त्यामुळे माझ्याशी मराठीतच भांडतात.

मी रिझोल्यूशन प्रोफेशनल आहे. एखाद्याचं दिवाळं निघालं की त्याची मालमत्ता बघायची, त्याच्याबरोबर बसून परतफेडीची योजना तयार करायची आणि ती बँकांपुढे मांडायची, हे माझं काम. मोहिते काकांचा फॅब्रिकेशनचा कारखाना होता. कंपनीच्या कर्जाला त्यांनी स्वतःची हमी दिली होती. कंपनी बुडाली आणि बुडताना काकांनाही घेऊन गेली. हरणीचा बंगला तेजसभाईंच्या बँकेने आधीच विकला होता. काका-काकू आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोत्रीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते. उरली होती एक राखाडी गाडी, तीही फायनान्स कंपनीकडे गहाण. गरजेची गाडी कायदा सोडून देतो, पण ती गहाण नसेल तरच.

केस सुरू झाली की मोराटोरियम लागतो. म्हणजे तेवढे दिवस कुणी वसुली करायची नाही, आणि कर्जदारानेही एकाला गुपचूप पैसे देऊन बाकीच्यांना ताटकळत ठेवायचं नाही. काका नेमकं तेच करत होते. योजना बँकांच्या मतांवर मंजूर होते; तेजसभाईंचं मत विरोधात गेलं असतं तर योजना बारगळली असती आणि तिच्याबरोबर गाडीही गेली असती.

मला काकांचा राग आला. पहिल्याच भेटीत मी विचारलं होतं, “काका, गाडी कशाला लागते?”

“लागत नाही. चैन आहे. न्यायची तर न्या.”

मोहित्यांच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या फौजेत होती. कारखाना गेला तरी काकांची पाठ ताठ. मी फोन लावला.

“काका, हप्ता कशातून भरता?”

“घरखर्चातून. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन जरा लांबवलंय.”

“चैनीसाठी डोळे?”

काका म्हणाले, “उद्या दिवस मावळायच्या सुमारास या. त्या साहेबांनाही आणा.”

तेजसभाईंना तशीही गाडी चालवून तिची किंमत ठरवायची होती. आम्ही पोचलो तेव्हा सोसायटीचे दिवे लागायचे होते. सगळ्या इमारती एकाच फिकट रंगाच्या झाल्या होत्या. तेजसभाई स्टिअरिंगवर बसले, काका त्यांच्या शेजारी. एवढ्यात जिन्यातून काकू आल्या. इस्त्रीची साडी, केसांत गजरा, हातात पर्स. त्यांनी मागचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसल्या.

“भाई, चालो,” त्या तेजसभाईंना म्हणाल्या. “घरी जायचंय. फार उशीर झाला.”

तेजसभाईंनी माझ्याकडे आरशातून पाहिलं. काका समोर बघत हळू आवाजात म्हणाले, “रोज या वेळी तिला घरी जायचं असतं. हे घर नाही म्हणते, दाराशी उभी राहून रडते. समजावलं तर जास्तच घाबरते. मग मी एक चक्कर मारून आणतो.”

“हे मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“घरातली गोष्ट बँकांपुढे कशी मांडायची?”

गाडी निघाली. काकूंनी काच खाली केली. हवेत चुलीचा धूर आणि कुठल्यातरी फुलांचा वास होता. शहर दोन्ही बाजूंनी सावकाश मागे जात होतं आणि आपण जागेवरच आहोत असं मला वाटत राहिलं. काकू माझा हात धरून बसल्या होत्या. मी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. हरणीच्या बाजूला एक विमान अगदी खाली आलं, तेव्हा म्हणाल्या, “बघ, कुणीतरी घरी आलं.”

पुढे काकांनी एका गल्लीत वळायला सांगितलं. “इथे जरा हळू घ्या.”

एका बंगल्याच्या गेटला नवा हिरवा रंग होता. आत व्हरांड्यात झोपाळा हलत होता, त्यावर कुणी अनोळखी बाई बसली होती. काकू पर्सची चेन उघडबंद करत होत्या, त्यांनी वरही पाहिलं नाही. काका मात्र मान वळवून बघत राहिले. याच गेटवर तेजसभाईंनी स्वतः उभं राहून जप्तीची नोटीस लावून घेतली होती. त्यांनी गाडी आणखी हळू केली.

गोत्रीला परत आलो, त्याच जिन्यासमोर. “आलं बाई घर,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी तेजसभाईंच्या हातात दहाची नोट ठेवली. “चहा घ्या, भाई.” ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “गाडी विकून फायनान्स कंपनीचं भागेल, आमच्या हाती काही येणार नाही. पण काकांच्या खिशातून हप्ता जायला नको. दुसरं कोण भरेल?”

पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीला काकांनी यातलं काहीही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ती आधी बापावर चिडली, मग हप्ते स्वतःच्या पगारातून भरायला तयार झाली. भरून झालेले हप्ते आम्ही योजनेत उघडपणे मांडले. फायनान्स कंपनीला हप्त्याशी मतलब, तिने मुदत वाढवून दिली. तेजसभाईंनी एकच अट घातली, घरखर्चात आधी डोळ्याचं ऑपरेशन धरा. योजना मंजूर झाली. ऑपरेशन होऊन डोळा बरा होईपर्यंत लेक रजा घेऊन आली आणि रोजची चक्कर तिने मारली.

कायद्यात गरजेचं वाहन असे शब्द आहेत. गरज म्हणजे काय, ते माणसं सहसा सांगत नाहीत. आता कुणाची गाडी यादीत आली की मी किंमत विचारण्याआधी तिच्यातून एक फेरी मारून येते.

नंतर एकदा काका ऑफिसात आले. मी विचारलं, “चक्कर चालू आहे ना?”

“चालू आहे. हरणीच्या त्या गल्लीत मात्र वळत नाही आता.”

“का?”

“डोळे साफ झाले ना. गेट हिरवं केलंय त्यांनी. मला इतके दिवस आपलंच पांढरं दिसत होतं.” मग पाठ ताठ करून म्हणाले, “बरंच झालं. पेट्रोल वाचतं.”