उस्तादांचे चार राजे

स्वतःच्या जादूचा स्वतःच बोजवारा उडवणारा जादूगार उभ्या माळव्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्याच घरात निघाला: माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. सचिवालयात नोकरी आणि पत्त्यांचा एकच खेळ, एवढंच त्यांचं भांडवल. चार राजे चार ढिगांत ठेवायचे आणि चारही एकाच ढिगातून काढायचे. संस्थानं नुकतीच विलीन होऊन त्यांचं मध्यभारत हे एकच राज्य झालं होतं, त्यामुळे शेवटी "देखो भिया, झाला आपला मध्यभारत!" हे ठरलेलं. पण तिथवर खेळ पोचायचाच नाही. सांवेरच्या बाजारात ज्यांनी तो शिकवला त्या नन्हे उस्तादांचं नाव आधी घ्यायचं, आणि नाव घेताना गवयांसारखा कानाला हात लावायचा, हा त्यांचा धर्म. हात कानाकडे गेला की तळव्यात लपवलेला राजा टपकन मांडीवर. पाहुणे छताकडे बघत आणि आम्ही लाजेनं जमिनीकडे.

एका गणेशोत्सवात बाहेरगावच्या जादूगारानं हाच खेळ "माझा स्वतःचा शोध" म्हणून केला. आतोबा भर मांडवात उभे राहिले. "झूठ! हा आमच्या नन्हे उस्तादांचा आहे!" हात कानाला. "अहो, बसा ना, लोग देख रहे हैं," म्हणून आत्या त्यांचा कोट ओढत होती. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

जादूगार चिडून म्हणाला, "बाबूजी, तुमचे उस्ताद जन्मायच्या आधी हा विलायती पुस्तकांत छापून आलाय!"

"मग तुमचा कसा?" कुणीतरी ओरडलं. मांडव हसला. आतोबा मात्र मटकन खाली बसले.

"म्हणजे मी जन्मभर खोटं सांगत आलो," घरी जाताना ते एवढंच बोलले. दुसऱ्या दिवसापासून, जिथे जिथे खेळ दाखवला होता त्या घरांत जाऊन त्यांनी हात जोडले. "चार राजे आमच्या उस्तादांचे नाहीत. किसी साहब के हैं. नाव ठाऊक नाही. माफ करना." लोकांना खेळही आठवत नव्हता. आत्या हळदीकुंकवाला जाईनाशी झाली.

पुढे ते शिकवणाऱ्या उस्तादांसाठी एक कान धरत आणि त्या अनोळखी साहेबासाठी दुसरा. दोन्ही हात वर, सगळे पत्ते खाली.

आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली. मी तो खेळ सफाईनं करतो, पान कधी पडत नाही. परवा नातीनं मध्येच विचारलं, "आजोबा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"आमच्या आतोबांनी," म्हणालो, आणि हात आपोआप कानाकडे गेला. राजा मांडीवर पडला. नात खदखदून हसली. मी तो बराच वेळ उचललाच नाही.