आप्पांची घरं

आप्पा खैरनार बँकेत शिरताना चपला बाहेर काढून ठेवत. बँक म्हणजे देऊळ वगैरे भाव त्यांच्या मनात अजिबात नव्हता. देवळात तर ते फारसे जातच नसत, कारण तिथून चपला चोरीला जातात. मग बँकेबाहेरच का काढता, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "ताई, चपला घातलेला माणूस साहेबाला घाईत वाटतो. याला अजून कुठंतरी जायचंय, म्हणजे उद्या या म्हटलं तरी चालेल, असं साहेब धरून चालतो. अनवाणी माणूस काम झाल्याशिवाय हलायचा नाही, हे त्याला बघितल्यावरच कळतं." एवढं बोलून त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी मोठ्या हौसेनं नव्या कोल्हापुरी घालून गेले होते. मुकाट्यानं काढल्या.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा घरासाठी कर्ज काढायचं म्हटलं की माणसं आवाज खाली आणून बोलायची. आप्पा कुठल्याही बँकेचे नोकर नव्हते. नाशकात शालिमारपाशी एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर त्यांचं लाकडी टेबल होतं, दोन स्टुलं होती आणि शेजारी लुना उभी. कुणाला कुठली बँक दारात उभी करेल, कुठला साहेब सकाळी प्रसन्न असतो आणि कुठला जेवल्यावर, याचा त्यांना पक्का अंदाज. "बँक म्हणजे लग्नातली वरमाय," असं ते म्हणत. "तिला काय पाहिजे ते तिला स्वतःला ठाऊक नसतं. पण विचारलं नाही की रुसते." माणूस मूळचा सटाण्याकडचा. बाहेर बोलताना शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे, पण खुशीत आले की अहिराणी सुटायची. सगळ्या चिंतांवर त्यांचं एकच उत्तर होतं, "व्हई जाई, ताई." म्हणजे, होऊन जाईल. आणि हे इतक्या शांतपणे म्हणायचे की मला त्यांचा रागच यायचा.

आम्ही तेव्हा पंचवटीत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मी शाळेत शिकवत होते, आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला. सासूबाई पिंपळगाव बसवंतला थोरल्या दिरांकडे असायच्या. तिथं त्यांची वळकटी द्राक्षांच्या क्रेटच्या खोलीत पडलेली असे. हंगाम आला की क्रेट आत यायचे आणि सासूबाई ओसरीवर. त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण गावाहून परतताना ह्यांचा चेहरा मला बघवत नसे. आईला स्वतःची एक खोली असावी, एवढंच ह्यांना हवं होतं. त्यातच आमच्या घरमालकिणीच्या मुलाचं लग्न ठरलं, तिनं वैशाखाच्या आत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. इंदिरानगरात एक फ्लॅट आम्हाला झेपण्यासारखा होता. बिल्डर म्हणाला, पाडव्यापर्यंत थांबतो, पुढचं मला सांगू नका.

तो फ्लॅट बघायला आप्पा आमच्याबरोबर आले. भिंतीवर टिचक्या मारणं, नळ सोडणं हे सगळेच करतात. आप्पा प्रत्येक खोलीत जमिनीवर चक्क आडवे झाले. तोंडावर रुमाल घेतला. घर उभ्यानं कळत नाही म्हणे, माणूस घरात जास्त वेळ आडवाच असतो. बिल्डरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला, मी खिडकीबाहेर बघायला लागले. हॉलमध्ये झालं, स्वयंपाकघरात झालं, आणि मागच्या लहान खोलीत आप्पांना खरंच झोप लागली. चांगले घोरत होते. आम्ही दोघं उंबऱ्यात वाट बघत बसलो, आणखी काय करणार. उठल्यावर त्यांनी शर्टाची धूळ झटकली आणि म्हणाले, "ही मावशींची खोली. वारा पायाकडून येतो, म्हातारपणी तोच बरा." तोवर आम्ही त्यांच्याकडे सासूबाईंचा विषयही काढलेला नव्हता. नंतर कळलं, ह्यांनी फॉर्मवर घरातल्या माणसांच्या रकान्यात आईचं नाव सगळ्यात वर लिहिलं होतं, तेवढं आप्पांनी टिपलं होतं.

मग बँकेचा साहेब घरी पडताळणीला येणार असं ठरलं. आप्पांनी आमच्या घरात आधी रंगीत तालीम घेतली. स्वतः साहेब होऊन खुर्चीत बसले आणि ह्यांना प्रश्न विचारायला लागले. आमच्या ह्यांना खरं बोलायचा रोगच आहे. काही व्यसन आहे का, असं विचारल्यावर हे बराच वेळ विचारात पडले आणि म्हणाले, चहा. आप्पांनी कपाळावर हात मारला. व्यसन विचारल्यावर विचारात पडणारा माणूस कुठल्या साहेबाला आवडेल? शेवटी असं ठरलं की बोलायचं मी, आणि ह्यांनी मान हलवायची. तालमीच्या दुसऱ्या दिवशी आप्पा लुनावर पुढ्यात चादरीत गुंडाळलेला एक रंगीत टीव्ही घेऊन आले. घरमालकिणीच्या दोन वेताच्या खुर्च्याही आत आल्या. खोली अशी काही सजली की मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं अवघडायला झालं.

आता यात एक गोष्ट आप्पांच्या हातून राहून गेली. तालीम त्यांनी आमची घेतली. साहेब यायच्या दिवशीच सकाळी पिंपळगावहून, तो येणार हे थोरल्या दिरांकडून कळल्यामुळे, पहिल्या एसटीनं सासूबाई येऊन धडकतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या येताना पिशवीभर द्राक्षं घेऊन आल्या होत्या. त्यांना काही सांगावं तर दारात साहेब उभाच.

आमच्या सासूबाईंच्या आयुष्यात साहेब यायचा तो गारपीट झाल्यावर. वही घेऊन यायचा, पंचनामा करायचा, आणि जितकं जास्त गेलेलं दिसेल तितकं बरं, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक. त्यांनी साहेबाच्या हातात वही पाहिली आणि पदर डोक्यावर घेतला. मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात त्यांनी सुरुवात केली. काय नाय सायेब आमच्याकडं. हा टीवी आमचा नाय. खुर्च्या मालकिणीच्या. पोराच्या पगारात काय भागत नाय, हप्ते कुठून भरायचे. द्राक्षं तर समदी गेली. आणि हे सांगताना त्यांनी साहेबापुढे द्राक्षांची भरलेली ताटली सरकवली, कारण दारी आलेल्याला काही दिल्याशिवाय पाठवायचं नाही हेही त्यांना तितकंच पक्कं ठाऊक होतं. साहेबानं एक मणी तोंडात टाकला, ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी ठरल्याप्रमाणे मान हलवली. मी दारात तांब्या घेऊन उभी, काय करू आणि काय नको असं झालेलं.

साहेब गेल्यावर मी जे बोलू नये ते बोलले. सासूबाईंना जेव्हा कळलं की हा साहेब नुकसान मोजायला नाही, पत मोजायला आला होता, तेव्हा त्या एकदम लहान झाल्या. संध्याकाळच्या गाडीनं त्या पिंपळगावला परत गेल्या. तिकडे बँकेनं फाइल बाजूला ठेवली. पाडवा तोंडावर आला होता. हे जेवेनात, मी ह्यांच्याशी बोलेना.

आप्पा आले, सगळं ऐकलं. कधी नव्हे ते व्हई जाई म्हणाले नाहीत. मग उठले, माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक मावशींची नाही. घरातलं सगळ्यात मोठं माणूस मीच विसरलो." आम्हा दोघांना दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेसमोर यायला सांगितलं, आणि स्वतः सकाळीच लुना काढून आग्रा रोडनं थेट पिंपळगावला. त्या रस्त्यावर ट्रक कसे पळतात हे ज्याला माहीत आहे त्याला कळेल मी काय म्हणते ते. दुपारी बँकेसमोर कांद्याचा एक टेम्पो येऊन थांबला. पुढे केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी सासूबाई, नवं लुगडं नेसून. मागे गोण्यांवर आप्पा, दोन्ही हातांनी आपली लुना घट्ट धरून बसलेले, डोक्यावर कांद्याची सालं. तिकडून येताना लुना बंद पडली होती. सासूबाईंना टेम्पोतून उतरवून त्यांनी आधी त्यांच्या चपला काढायला लावल्या, मग स्वतःच्या काढल्या.

साहेबाच्या टेबलासमोर आम्ही चौघं उभे राहिलो. आप्पांनी एका दमात सांगून टाकलं की टीव्ही त्यांचा, खुर्च्या घरमालकिणीच्या, मावशी त्याबाबतीत खरं बोलल्या, द्राक्षांचं तेवढं खोटं. या बँकेत पुन्हा त्यांची एकही फाइल कुणी हातात घेणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. साहेबानं चष्मा काढून पुसला. तो टीव्ही मला सिडकोतल्या एका घरीही भेटलाय, म्हणाला, त्याच्या बाजूचा ओरखडासुद्धा ओळखतो. "मी काही टीव्हीला कर्ज देत नाही, आप्पा. पण घरातलं वडील माणूसच फेडणं जमायचं नाही म्हणालं. ते मी कसं सोडून देऊ?"

आप्पा बोलायला गेले, तर सासूबाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"सायेब, आमच्याकडं सरकारचा मानूस येतो तो गारपीट झाल्यावर येतो. त्याला गेलेलं दाखवायचं असतं. मी गेलेलं दाखवलं. तुमाला राहिलेलं बघायचंय हे मला कुनी सांगितलंच नाय. राहिलेलं म्हनाल तर हा पोरगा हाय, ही सून हाय. दोघं सकाळी घर सोडतात ते दिवेलागणीला येतात. कामाला खाडा केलेला मी एकदा बी पाहिला नाय. याच्याहून जास्त माझ्याकडं काय नाय."

त्या बाईला मी चार दिवसांपूर्वी काय काय बोलले होते. मला रडू फुटलं, आणि चारचौघांत रडायला मला आवडत नाही, म्हणून मी आप्पांच्या केसांतली कांद्याची सालं काढायला लागले आणि जरा तरी नीट यायचं होतं म्हणून त्यांच्यावरच डाफरले. साहेबानं चहा मागवला. पहिला कप सासूबाईंना दिला. मग फाइल ओढली आणि सही केली. बाहेर पडल्यावर आप्पा चपला शोधत म्हणाले, "व्हई गयं ना, ताई?"

त्यानंतर आप्पांनी तो टीव्ही विकला. कुणी नवं गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचे, घरात वडीलधारं कोण? मग त्या माणसासमोर मांडी घालून बसायचे, तरण्याताठ्यांचा नंबर नंतर. आमच्याकडे दर पाडव्याच्या सुमाराला न सांगता टपकायचे. दारातूनच ओरडायचे, आपलं घर बघायला आलो. नळ सोडून बघायचे, ओल दिसली की मला झापायचे, आणि मागच्या खोलीत सासूबाईंशी तासभर गप्पा ठोकायचे. शहरात अशी किती घरं ते बघत फिरायचे कोण जाणे.

पुढे दिवस पालटले. गोड आवाजाच्या मुली भर दुपारी फोन करून मॅडम, होम लोन हवंय का, असं विचारायला लागल्या. झेरॉक्सच्या दुकानाबाहेरचं टेबल उठलं. मला वाईट वाटलं, पण आप्पा हसले. "लोकांना कर्ज मागायला लाज वाटायची, तोवर माझं काम होतं. आता बँकच लोकांच्या मागं लागलीय. तिला काय सांगू, चपला काढून ये?"

एका पहाटे झोपेतच आप्पा गेले. आम्ही धावत नाशिकरोडला त्यांच्या घरी पोचलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मी त्यांच्या बायकोकडे बघतच राहिले. त्या म्हणाल्या, किती वेळा म्हटलं आपणही घेऊ, तर म्हणायचे, शहरभर आपली घरं आहेत, अजून एक कशाला. मला इतका राग आला त्यांचा. दुसऱ्याच्या घरात वारा कुठून येतो ते बघत आयुष्य घालवलं या माणसानं.

तेराव्याचा प्रश्न निघाला. घरमालक म्हणाला, जिन्यात गर्दी नको. झालं, तिथं बसलेल्या माणसांत जुंपली. सिडकोतले एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे होईल, ते घर आप्पांचंच. एक नर्सबाई म्हणाल्या, तुमच्याकडे का म्हणून, आमच्या घरासाठी आप्पांनी मालेगावच्या तीन खेपा घातल्या. तिसऱ्यानं हॉलचं माप सांगितलं. सुतकाच्या घरात माणसं चौरस फुटांवरून हमरीतुमरीवर आली. आप्पा असते तर पोट धरून हसले असते. आमचे हे, जे आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत, तेही उभे राहिले होते.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कंबर वाकलेली, पण हट्टानं आल्या होत्या. त्यांनी आप्पांच्या बायकोचा हात धरला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "तुमी समद्यांनी त्याच्याकडं घर मागितलं, त्यानं दिलं. मी काय मागितलं नव्हतं. मला त्यानं न मागता खोली दिली. त्याचं पान माझ्या खोलीत मांडायचं."

तेराव्याला इंदिरानगरात पंगत हॉलमधून जिन्यात आणि जिन्यातून खाली पार्किंगपर्यंत गेली. आप्पांचं पान सासूबाईंनी मागच्या खोलीत स्वतःच्या हातानं वाढलं, जिथं ते झोपले होते त्याच जागी. मग दार ओढून घेतलं आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत बाहेर पाट टाकून बसून राहिल्या. आम्हालाही आत जाऊ दिलं नाही.