हवा गाळायची मशीन

हवा गाळता येते, हे मला गडचिरोलीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात समजलं.

जिल्हा तेव्हा नवाकोरा, मी नवाकोरा कारकून आणि मला मिळालेलं क्वार्टरही नवंच. जुनी काय ती एकटी बुरशी! भिंतीवर ती अशी ठाण मांडून होती की क्वार्टर तिच्याच नावावर मंजूर झालं असावं. श्रावण लागला तशी ती भिंत सोडून माझ्या चपलांवर, पट्ट्यावर आणि लग्नातल्या सुटावर आली. (सूट काळा होता. आता हिरवा म्हणूनही खपला असता.)

माझ्या एकट्याचं असतं तर मी त्या बुरशीसोबत सुखानं नांदलो असतो. पण माझी बायको वंदना बाळंतपणासाठी चंद्रपूरला माहेरी गेली होती. पोरगी तीन महिन्यांची झाली होती आणि मी तिला फक्त दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्या भेटीत सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, अट घातली.

"पोळा झाला का मी येतो, खोली पाहतो. भितीवर बुरशी असन तं लेकराले धाडत नाई. छाती भरते तिची."

मामाजींची सारी नोकरी कोळशाच्या खाणीत गेलेली. त्यांचं नाई म्हणजे नाईच.

मी चुना मारला, फिनाईल मारलं, स्टोव्ह पेटवून भिंत शेकली. बुरशी दोन दिवस माहेरी जायची आणि ताजीतवानी होऊन परत यायची. (माझी बायको सोडून सगळ्यांना परत यायला जमत होतं!) अशात न्हाव्याकडे एक जुनं मासिक हाती लागलं. त्यात लिहिलं होतं की बुरशीचे कण हवेतच असतात आणि परदेशात घरोघरी पंख्याची मशीन हवा ओढून ती गाळून काढते. मशीन बनवायची कशी, ते पुढच्या पानावर होतं. ते पान न्हाव्यानं वस्तरा पुसायला फाडलेलं.

पण मी बी.कॉम. होतो. उरलेलं मला सुचलं.

पंख्याची मशीन माझ्याकडे होतीच की! उन्हाळ्यातला लोखंडी कूलर अजून खिडकीतच बसवलेला होता. फक्त त्यानं हवा बाहेरून ओढण्याऐवजी खोलीतली ओढायला हवी. म्हणून मी कूलर उचलून आत टेबलावर ठेवला, खिडकीची दारं लावून घेतली आणि फटींत पोतं कोंबलं. जाळ्यांतलं गवत कुजलं होतं, ते काढून फेकलं. पावसाळ्यात कूलरचं नवं गवत कोण विकतो? मागच्या शेतकऱ्याकडून धानाचं तणस आणलं आणि तेच ठासून भरलं. वर कडुनिंबाचा पाला. टाकी कोरडी. बटन दाबलं. हवा गाळली जाऊ लागली आणि मला स्वतःचा अभिमान वाटू लागला.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला चार दिवसांच्या कामासाठी भामरागडला पाठवलं. शेजारच्या शकुनबाईंकडे दुसरी किल्ली दिली आणि बजावलं, काहीही झालं तरी मशीन बंद पडू देऊ नका. त्यांनी मान हलवली. भामरागडला पोचलो आणि नदीला पूर आला. पुलावरून पाणी, बस बंद! चाराचे चौदा दिवस झाले. मी मात्र निवांत होतो. जितके दिवस जास्त, तितकी हवा स्वच्छ, असा माझा हिशेब होता.

परतलो तर गडचिरोलीच्या स्टँडवर समोरच्या चंद्रपूरच्या बसमधून मामाजी उतरत होते. जयभीम झालं, पाया पडलो आणि त्यांना छाती काढून सांगितलं की तुमच्या नातीसाठी मी हवा गाळून ठेवली आहे.

दार उघडलं. आतून वास आला, आणि पाठोपाठ आम्हाला भिंती दिसल्या. चारही भिंती हिरव्या. टेबलावर मशीन गुरगुरत होती. तिच्या तिन्ही जाळ्यांतून, तणसातून, अळंबीच्या छान पांढऱ्या छत्र्या बाहेर आल्या होत्या.

मामाजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"जावईबापू, सात्या कूलरात काऊन लावल्या?"

तेवढ्यात शकुनबाई बकेट घेऊन आल्या. कौतुकानं म्हणाल्या, "भाऊ, तुमचा कूलर कोरडाच चालून राह्यला होता. मोटर जळली असती न. म्या रोज दोन बकेटा पानी टाकलं, एक दिवस चुकली नाई."

आता या बाईला काय बोलणार? विदर्भात कूलर कोरडा दिसला की माणसाचा हात आपोआप बकेटीकडे जातो. पाणी टाकू नका, हे सांगायला हवं होतं ते मीच. शकुनबाईंनी वाकून त्या छत्र्या न्याहाळल्या आणि ह्या खायच्या नव्हेत असा निकाल दिला. म्हणजे पीक आलं तेही बिनकामाचं! मला रडू यायचं बाकी होतं. लेक आता दिवाळीनंतरच दिसणार, हे मी मनाशी धरलं.

मामाजींनी मशीन बंद केली, फटींतलं पोतं उपसलं आणि खिडकी सताड उघडली. मग समोरचं दारही उघडून मधोमध उभे राहिले.

"खानीत आमी दोन वाटा ठेवतो. एकीनं हवा येते, दुसरीनं जाते. तुमी तं हवेले कोंडून मारून राह्यले."

ते आठ दिवस राहिले. भिंती खरवडल्या, पाऊस उघडला की दारं-खिडकी उघडी ठेवली, कूलर अंगणात नेऊन ठेवला. नवव्या दिवशी भिंतीवर हात फिरवून चंद्रपूरच्या बसमध्ये बसले.

पुढच्याच आठवड्यात वंदना लेकीला घेऊन उतरली. पोरगी माझ्याकडे बघून चक्क हसली आणि मी स्टँडवर सगळ्यांदेखत डोळे पुसले. घरी आल्यावर भिंतींकडे हात करून मी ऐटीत विचारलं, मामाजी काय म्हणाले?

वंदना म्हणाली, "म्हणे, भितीवरची बुरशी म्या काढली. जावयाच्या डोक्यातली आता तुह्यी तू पाय."