बोल्ट कडक आला होता

बोल्ट कडक आला होता आणि मी तो लाकडी हातोडीने ठोकून उघडला. माझी चूक एवढ्या एका वाक्यात बसते. घरी भरलेली काडतुसं तपासताना, गोळी झाडल्यावर रायफलचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, हाताने उचलला जात नसेल, तर आत दाब फार झालेला असतो. तिथेच थांबायचं असतं. उरलेली काडतुसं घरी नेऊन गोळ्या उपसायच्या आणि दारू काढून टाकायची. मला हे झोपेतही ठाऊक होतं. मी थांबलो नाही, आणि पुढची गोळी मी स्वतः झाडलीही नाही. ती बायकोच्या धाकट्या भावाला झाडायला लावली.

आम्ही दोघेही मेकॅनिकल इंजिनिअर, सांगलीकडचे. तो माझ्यामागून हॅनोव्हरला आला. शूटिंगच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, मीच त्याला ओढला आणि थोड्याच वर्षांत तो माझ्यापुढे गेला. मला दाजी म्हणायचा, माझी बॅगही उचलायचा. पण लक्ष्याचा कागद जवळ आणला की त्याची भोकं एकमेकांत मिसळलेली असायची आणि माझी विखुरलेली. ते मला सोसत नव्हतं.

त्या वर्षी मी एक रायफल बनवून घेतली. लांब पल्ल्याची, जाड नळीची, दस्ता माझ्या खांद्याच्या मापाचा. तिचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, ‘इम्प्रूव्ह्ड’ काडतुसासाठी कापलेलं होतं. बाजारातलं साधं काडतूस तिच्यात झाडायचं. स्फोटाने पितळेची पुंगळी आतून फुगते, चेंबरच्या भिंतीवर आदळते आणि खांदे रुंद करून बाहेर येते. या फुगलेल्या पुंगळीत मग जास्त दारू मावते आणि गोळी जास्त वेगाने जाते. पितळेला आतून मार देऊन घडवायचं, हे मला फार आवडायचं.

ऑफिसात मी हायड्रॉलिक पंपांचे दाब काढायचो. कुठलाही भाग आपण लागतो त्याहून दणकट बनवतो, ही राखीव ताकद असते. रायफलवरही बेशुसचा शिक्का होता, म्हणजे सरकारी चाचणीत नेहमीपेक्षा जबर काडतूस तिच्यात फोडून पाहिलेलं होतं. ती राखीव ताकद नुसती पडून आहे, असं मला वाटायचं. पंपाच्या बाबतीत कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी आम्ही तीनशे मीटरच्या रेंजवर गेलो. माझ्या नेहमीच्या पुंगळ्या संपल्या होत्या, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या घेऊन फुगवल्या होत्या. त्या हाताला जड लागत. भिंत जाड म्हणजे आत जागा कमी. दारू तेवढीच ठेवली तर दाब वाढणार. दारू कमी करायला हवी होती. मी केली नाही, कारण वेगाचा आकडा खाली आला असता.

पहिली गोळी सुटली तेव्हा दस्ता खांद्यात असा घुसला की दात आपटले. बोल्ट हलेना. मी हातोडी काढली आणि दोन घाव घातले. पुंगळी बाहेर पडली. मेहुण्याने ती उचलली, गरम म्हणून या हातातून त्या हातात टाकत बघितली.

“दाजी, बास आता.”

“का?”

“का काय? बुडाला चकचकीत डाग उठलाय बघा. प्रायमरची टिकली सपाट झालीय, दाब फार आहे.”

“उन्हानं होतं तसं.”

“उन्हानं? या देशात?”

“आता तू मला दाब शिकवणार? नेम धरायला सांगितलंय, अक्कल चालवायला नाही. का ताईला बोलावू, हात धरायला?”

तो हसला. “तिला नका बोलावू. ती आधी तुम्हालाच हाणेल.” आणि माझ्या जागी बसला. मी म्हणतोय म्हटल्यावर ते बरोबर असणार, असं तो त्याही वयात मानायचा.

त्याने चाप ओढला. तो आवाज गोळीचा नव्हता. छतावरचा पत्रा थरथरला. रायफलचा दस्ता मधोमध चिरला, खालची लोखंडी पट्टी उडून बाकात रुतली आणि मागून निघालेली पांढरी वाफ त्याच्या तोंडावर आली. तो खुर्चीसकट उलथला. चष्म्याची उजवी काच नव्हतीच. गालात पितळेचे कण खिळ्यांसारखे घुसले होते, आणि डोळ्याच्या जागी मला नुसतं रक्त दिसत होतं. तो ओरडत नव्हता. पाय झाडत होता, जमिनीला टाचा मारत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि शर्टाने तोंड दाबून धरलं. शर्ट चिंब झाला.

रेंजवरचा देखरेख करणारा म्हातारा धावत आला. काय झालं, त्याने विचारलं. मेहुण्याची स्वतःची रायफल शेजारच्या बाकावर होती आणि तिची काडतुसं उघड्या डबीत. दिसायला माझ्या काडतुसांसारखीच, गोळी किंचित जाड. जोर केला तर माझ्या चेंबरात शिरली असती. मी त्या डबीकडे बोट केलं.

“त्याने चुकून स्वतःचं काडतूस घातलं,” मी जर्मनमध्ये म्हणालो. “माझं लक्ष नव्हतं.”

म्हातारा फोन करायला वळला तशी माझी उरलेली काडतुसं मी पँटच्या खिशात कोंबली. मेहुण्याचं डोकं तेव्हाही माझ्या मांडीवर होतं.

पुंगळी फाटून बोल्टला चिकटली होती. तिच्यावरून कुणाला काही ठरवता आलं नाही. माझं म्हणणं तसंच राहिलं. डोळा वाचला, पण त्याला उजवीकडचं धुरकट दिसू लागलं. मला वाटलं होतं, ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आला की खरं काय ते बोलेल. क्रांकनहाउसमध्ये, इस्पितळात, मी त्याच्या पलंगाशी उभा होतो तेव्हा त्याने माझा हात चाचपला.

“दाजी, मला काहीच आठवत नाही. तुमची रायफल खलास केली म्हणे मी. माफ करा.”

मी म्हणालो, “जाऊ दे.”

त्याने शस्त्रपरवाना स्वतःहून परत केला. ऑफिसात तो स्वतःची ड्रॉइंग पुन्हा पुन्हा तपासू लागला, दुसऱ्याला दाखवू लागला. जेवताना आमच्या मुलीने एकदा विचारलं, “ओन्केल, वारूम हास्ट डू निश्ट गेगुक्ट?” मामा, तू बघितलं का नाहीस? तो म्हणाला, “वेंधळा आहे गं तुझा मामा.” सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या हिवाळ्यात तो मुलीला पोहायच्या क्लासला सोडायला आला होता. बायको दारात आडवी उभी राहिली.

“तू नको नेऊस तिला.”

“ताई, डावा डोळा ठणठणीत आहे माझा. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिलीय.”

“डोळ्याचं नाही म्हणत मी. तुझा भरवसा नाही राहिला मला. हातात काय आहे हे न बघता घालतोस तू.”

गाडीची किल्ली त्याने टेबलावर ठेवली आणि कोट काढू लागला. एक बाही अडकली, ती तो हळूहळू सोडवत राहिला. मी मुलीला तिच्या खोलीत पाठवलं आणि दार लावून घेतलं. दोघांना स्वयंपाकघरात बोलावून मी सगळं सांगितलं. जड पुंगळ्या, हातोडी, त्याचं ‘बास आता’, माझं टोमणा मारणं, डबीकडे दाखवलेलं बोट, खिसा. बोलताना माझा आवाज ऑफिसातल्यासारखा सपाट लागत होता.

मेहुणा दोन पावलांत आला. कॉलर धरून त्याने मला कपाटावर आदळलं, पुन्हा आदळलं, आतली भांडी कोसळली. मग मूठ आली. ओठ फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली आणि मी फरशीवर बसलो. बायकोने आम्हाला सोडवलं नाही. ती ओट्याला टेकून, दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. तो माझ्यावर वाकला होता. त्याचा डावा डोळा माझ्यावर रोखलेला होता आणि उजवा थोडा बाजूला पाहत होता.

“मी विचार करत बसायचो,” तो म्हणाला, “की मला आठवत का नाही. मी असा कसा. आईला फोनवर सांगितलं, माझीच चूक. रडली ती.”

मी उठलो नाही. बसूनच बोललो.

“तुझी काही चूक नव्हती. तू थांबा म्हणालास, मी ऐकलं नाही. तुझा डोळा मी अधू केला, आणि तुझा तुझ्यावरचा भरवसाही मीच काढून घेतला, ते जास्त वाईट केलं. उद्या फेराइनमध्ये आणि परवान्याच्या ऑफिसात जाऊन सांगतो. आईंना आत्ता फोन लावतो, तुझ्यासमोर. तू माफ कर असं म्हणत नाही. मला क्षमा मागायची आहे, एवढंच. चुकलो मी.”