डाखकाकांचा मुका मीटर

दोन धातू जोडायला कथील वितळवून जो ठिपका देतात, त्याला डाख म्हणतात. माझ्या मुलीला हा शब्द माहीत नव्हता. मैत्रिणीने "गिटार डाखकाकांकडे टाक" म्हटल्यावर तिला वाटलं, ते डाग काढणारे कोणीतरी आहेत. गिटारवर डाग कुठे आहे, म्हणून ती घरी येऊन शोधत बसली.

डाग नव्हताच. तिच्या इलेक्ट्रिक गिटारचं आवाजाचं बटण फिरवलं की खरखर व्हायची. म्हणून आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. मला एरवीही जायचं होतं. मुलगी दार लावून मोठ्याने वाजवायला लागल्यापासून तिच्या कानांचं काय होणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागलेला, आणि कोणाला विचारावं ते कळत नव्हतं.

दुकान म्हणजे एकच खोली. एका बाजूला काकांचं टेबल, त्यावर दिवा, चिमटे, तारांची भेंडोळी. दुसऱ्या बाजूला काकूंचं शिवणयंत्र. त्या कपडे उसवून पुन्हा बेतात बसवून द्यायच्या. मधे भिंत नाही, पडदा नाही. तिचे दोरे याच्या तारांत आणि याचे तारेचे तुकडे तिच्या पायाखाली, यावरून दोघांचं रोज वाजायचं.

काका मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. रेडिओ घेऊन येणारे कमी झाले, आणि एक दिवस कोणीतरी खरखरणारी गिटार आणली. "उघडून बघितली तर आत काय, अर्धा रेडिओ!" ते सांगत होते. "बाकीचा अर्धा वाजवणारा." स्वतःला वाजवता मात्र एवढंसुद्धा येत नव्हतं. तपासायची वेळ आली की सहाही तारा मोकळ्याच एकदम छेडायच्या, की झालं.

त्यांनी गिटारच्या अंगावरचं झाकण काढलं. बटणांच्या खाली गोल डब्या होत्या, प्रत्येकीला तीन पाय. त्यांना ते पॉट म्हणत.

"हे बघा ताई. तारेचा आवाज या पायातून आत येतो. मधल्या पायातून बाहेर, थेट स्पीकरकडे. आणि तिसरा पाय जमिनीला. बटण फिरवलं की किती बाहेर सोडायचा आणि किती जमिनीत घालवायचा, ते ठरतं."

"आणि हे दुसरं?"

"हे टोनचं. ही गळती आहे. आपणच ठेवलेली. यातून फक्त बारीक, टोकदार आवाज गळतो. जाड आवाज राहतो."

मी विचारलं, "म्हणजे दोन्ही बटणं काही वाढवतच नाहीत? नुसतं घालवायचं काम?"

"नुसतं घालवायचं," ते खूश होऊन म्हणाले. "लोकांना वाटतं बटण पिळलं की आवाज येतो. आवाज आलेलाच असतो."

हे मला फार आवडलं. पण डोक्यातलं जाईना, म्हणून विचारलंच, "काका, ही इतक्या मोठ्याने वाजवते. कान जातील का हिचे?"

"आई!" मुलगी म्हणाली.

"काही होत नाही हो. माझे बघा की. उभं आयुष्य याच आवाजात गेलं."

शिवणयंत्र क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

गिटार घरी आली. खरखर साफ गेली होती, पण आवाज असा काही कर्कश झाला होता की शेजारच्या खोलीत माझे दात शिवशिवले. मुलीने टोनचं बटण अर्ध्यावर आणलं, तरी तेच. तिच्या क्लासमधले म्हणाले, काकांकडून आलेली गिटार हल्ली डोळे मिटूनही ओळखता येते, कानात सुई घातल्यासारखी वाजते. मग त्यांना कोणी सांगितलं कसं नाही? "काकांना कोण सांगणार?" असं उत्तर मिळालं.

आम्ही परत गेलो.

"कर्कश?" काका दुखावले. "दबलेली होती ती. हल्ली सगळ्याच दबलेल्या येतात. नवीन मालच तसला. म्हणून तर दुप्पट रोधाचे पॉट घातले, बारीक आवाज कमी गळावा म्हणून. वर हा डाळीएवढा कपॅसिटर बसवला. आवाज कमी केला तरी बारीक बाजू तेवढी राहते."

सहा तारा छेडल्या. माझी मान आपोआप खांद्यात गेली.

"दबलाय की अजून," ते म्हणाले.

एखादा सांधा सुटला असेल, म्हणून त्यांनी मीटर ओढला. मीटरच्या दोन टोकांमधे तार सलग असेल तर तो बीप करतो, तुटकी असेल तर गप्प राहतो. "याचंही तोंड बंद झालंय," ते पुटपुटले. "बॅटरी बदलली, आतलं बझर बदललं, पण बीप काही येत नाही. आता आकडा बघून काम करतो." असं म्हणत त्यांनी टोकं एका तारेच्या दोन बाजूंना लावली.

मीटर बीप करत होता. स्पष्ट, बारीक, सलग.

मुलगी सहज म्हणाली, "काका, वाजतोय की."

"काय वाजतंय?"

"मीटर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, खोटं बोलावं. पण मान हलून गेली होती. त्यांनी टोकं उचलली, पुन्हा लावली, पुन्हा उचलली. मग मीटर कानाला लावला. आमच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू आवाज तिथे दिसणार होता.

"अगं," त्यांनी काकूंना हाक मारली. "हा वाजतोय?"

"पहिल्यापासून वाजतोय," काकू म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत तुम्हाला ऐकू येत नाही ते! कुकरची शिट्टी झाली तरी उठत नव्हता, मी हाका मारल्या तरी उठत नव्हता. बायकोचा आवाज ऐकू न येणं हा काही आजार नाही, असं वाटलं मला."

काकांनी मुलीला मीटर दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मधेच लाव, मधेच काढ. मी सांगतो." तिने लावला, काढला, लावला. काका एकदाही बोलले नाहीत. शेवटी वळून म्हणाले, "बिघाड शोधताना जे जे चांगलं आहे ते बाजूला काढायचं असतं. बॅटरी चांगली. बझर चांगलं. मीटर चांगला." आणि खाली बसले.

कामच कानाचं. ते गेलं तर या टेबलावर बसायचं कशाला, हे त्यांच्या चेहऱ्यावर कोणीही वाचलं असतं. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले, "दाखवतो. पण आधी किती गिटारी बिघडवल्यात ते बघू दे." आमची त्यांनी ठेवून घेतली. मी जबरदस्तीने मुलीचेही कान तपासून घेतले. ते चांगले निघाले, आणि माझ्यावर चिडण्यात तिचा सबंध आठवडा गेला.

पुन्हा गेलो तेव्हा खोलीत गिटारींची दाटी होती. एकेकाला फोन करून काकांनी त्या परत मागवल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, बारीक आवाज गेले ते गेले, कानाच्या यंत्राने थोडी मदत होईल. यंत्र यायचं होतं. तोवर काकूंनी शिवण बाजूला ठेवून स्टूल टेबलाशी ओढलं होतं.

काकांनी आमच्या गिटारीत जुन्या मापाचे पॉट घातले होते, वरचा कपॅसिटर काढला होता. त्यांनी तारा छेडल्या. "सांग."

"बरा आहे."

"बरा म्हणजे काय? मोठा, बारीक, काहीतरी बोल!"

"मला तुमचे शब्द येत नाहीत."

"मग तुझे वापर."

काकू विचारात पडल्या. "खळ जास्त होऊन ताठ झालेली कॉलर."

काकांनी टोनचं बटण किंचित मागे घेऊन पुन्हा छेडलं.

"आता कॉलर धुतली एकदा."

"अजून मागे घेऊ?"

"नको. मळकट होईल."

मुलीने गिटार हातात घेतली, वाजवली, आणि बटण कुठेही न हलवता म्हणाली, "हीच. अशीच होती." काका काहीतरी पुटपुटले. मला वाटतं ते 'कॉलर' असावं. शब्द तोंडात बसवत होते.

तेवढ्यात एक उंच, हडकुळा पोरगा आत आला. सगळे त्याला लांब्या म्हणत. स्टेजवर वाजवायचा. गिटार पाठीवर होती, पण ती उतरवायला तयार नव्हता. "काका, तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. पण हिला हात लावू नका."

"अरे, चुकून झालंय ते. मला ऐकूच येत नव्हतं."

"झालं असेल. पण आमची सगळी गाणी आता त्याच आवाजावर बसलीत. लोक विचारतात, कुठून करून आणला म्हणून."

काकांना हसावं की रागवावं कळेना. "वाजव," ते म्हणाले.

लांब्याने वाजवली. माझी मान पुन्हा खांद्यात. काकांनी गिटारच्या लाकडावर तळवा टेकवला आणि काकूंकडे वळले. "काय आहे गं त्यात?"

"कापड फाडतायत," काकू म्हणाल्या.

"म्हणजे वाईट."

"ऐका तर. ओढाताणीत फाटतं तसं नाही. कात्रीने जरासा छेद देऊन हाताने फाडलं की सरळ फाटत जातं ना, तसं."

काकांनी गिटार मागून घेतली. लांब्या कुरकुरला, तरी दिली. झाकण काढून त्यांनी दिवा जवळ ओढला आणि स्वतःच केलेली जोडणी निरखत राहिले. दुप्पट रोधाचे पॉट, डाळीएवढा कपॅसिटर, नीट चकचकीत डाख. बोटाने एकेक तार अशी चाचपत होते, जशी दुसऱ्या कोणाची असावी. डाख द्यायचं यंत्र शेजारीच तापून तयार होतं, ते त्यांनी उचललं नाही. झाकण लावलं, स्क्रू आवळले.

"झालं का?" लांब्याने विचारलं.

"मला काय विचारतोस," काका म्हणाले. "काकूला विचार."