दुसऱ्या भागातला बगळा

आमच्या इमारतीत अशी बातमी आहे की काकांनी घर सोडलं, कारण काकूचं एका परक्या माणसाशी सूत जुळलंय. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई ही बातमी सांगताना आधी ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणतात आणि मग दार लावून घेतात.

मी त्यांची पुतणी, त्यांच्याच घरात राहते; तर खरं असं. काकांनी फक्त आपला कॉम्प्युटर उचलून गल्लीच्या टोकाच्या स्वतःच्या दुकानात नेलाय. जेवायला, झोपायला आणि काकूशी भांडायला ते घरीच येतात. परका माणूस मात्र आहे. त्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. तो एका गेममध्ये भेटतो आणि तिथलं त्याचं नाव बगळा.

काका सोफ्यांना कापड चढवतात. तोंडात बारीक खिळे धरून बोलायची सवय, त्यामुळे मला त्यांची नक्कल करायची तर ओठ मिटून रागवावं लागतं. काकू कवळ्या बनवते. दिवसभर लोकांचे दात, संध्याकाळी लोकांचे मुडदे. कारण गोळीबाराच्या त्या गेमचा पहिला भाग दोघं रोज खेळायचे. तो जोडीचा होता. एक पडला की दुसऱ्याने त्याला पाठुंगळी घेऊन आडोशाला न्यायचं. पडायचे कायम काका.

“अगं, पडलो!”

“आले. हलू नका.”

मग काकू गोळ्या चुकवत नवऱ्याला घेऊन पळायची. बहुतेकदा हरायचे, पण हसू शेजाऱ्यांपर्यंत ऐकू यायचं.

मग दुसरा भाग आला. त्यात तिघांची टोळी, आणि पडलेला माणूस आपल्या हाताने दंडात सुई टोचून उठतो. काकू हरखली. तिला बगळा भेटला. आवाज मऊ, रेशमी. “ताई, डावीकडे बघा हं. वा, ताई!” तिसरी जागा काकूने नवऱ्यासाठी राखली होती. काका दोन संध्याकाळ बसले आणि उठले.

तेव्हापासून सोफा शिवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते ऐकवतात, “पहिल्या भागात पावलं ऐकू यायची हो! लाकडी जिन्यावर वेगळी, पत्र्यावर वेगळी. दुसऱ्यात सगळे कापसावर चालतात. भिंतीपलीकडचा माणूस म्हणे लाल दिसतो! मग लपायचं कशाला? आणि रंग बघा, जणू कुणाचा पहिला वाढदिवस!”

“नकाशे तरी मोठे आहेत ना, काका?” मी म्हटलं.

“मोठे आहेत. नवरा हरवायला सोयीचे.”

एकदा मी दुकानात गेले तर काका पडद्यावर रस्त्याच्या मधोमध पडलेले. जोडीदार म्हणून मिळालेलं कुणीतरी त्यांना ओलांडून सरळ निघून गेलं. काका बघत राहिले. मग खिळे तोंडातून काढून हळूच म्हणाले, “आज काय म्हणाला तो?”

मी बगळ्याचा आवाज काढून दाखवला.

“परत म्हण.”

मी परत म्हटलं. दुखरी दाढ जिभेने चाचपावी तसं चाललं होतं त्यांचं. मला चेव चढला. “काका, खरा कोण आणि मी कोण, ओळखूच येणार नाही तुम्हाला. लावा पैज!”

ठरलं. मी जिंकले तर काकांनी तिसऱ्या जागेवर बसायचं आणि बगळ्याला ‘साहेब’ म्हणायचं. काका जिंकले तर रविवारी काकू पहिल्या भागात परत, आणि दुसऱ्या भागात तिच्या जागी मी.

“मला विचारलंत का कुणी?” संध्याकाळी घरी काकू म्हणाली, आणि स्वतःच स्पीकरचा आवाज मोठा केला.

ती खेळत होती. काका मागे डोळे मिटून बसले. मी स्पीकरला चिकटून, कागदी पेल्यात तोंड घातलं.

“वा, ताई!”

“ही तू.”

“ताई, छपरावर बघा हं.”

“हा तो.”

मी श्वास लांबवला, सूर खाली आणला, सगळं कसब पणाला लावलं. एकदाही फसले नाहीत.

“कळतं कसं तुम्हाला?”

“तो ताई म्हणाला की इथे आग लागते,” काकांनी छातीवर हात ठेवला. “तू म्हणालीस की नुसतं हसू येतं.”

माउसवरचा काकूचा हात थांबला. पडद्यावर तिला गोळी लागली.

“अरेरे, ताई!”

“हा तो,” काका डोळे न उघडता म्हणाले.

रविवारी काकू माझा लॅपटॉप काखेत मारून दुकानात गेली आणि मी तिच्या खुर्चीत, तिच्या नावाने खेळायला बसले. तीनदा मेले.

“ताई, आज नेम लागत नाहीये. बरं नाही का?”

“दाढ दुखतेय,” मी काकूच्या आवाजात म्हटलं.

“अरे अरे, जपा हं, ताई!”

मूर्खाला काही कळलं नाही.