सावकाश अंकलचा उजवा हात

टाळ्या पडल्या की सावकाश अंकल आधी मागे वळून बघत. त्या आपल्यासाठीच आहेत यावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. मूळचे वसईचे हे गृहस्थ दुबईतल्या एका हॉटेलच्या लॉबीत पियानो वाजवत, अल कुसैसला आमच्या शेजारी राहत आणि माझ्या मुलाला शिकवत. मुलगा भरभर वाजवू लागला की म्हणत, "सावकाश! घाई करणारा काहीतरी लपवत असतो." म्हणून हे नाव.

त्यांचा जीव रॅगटाइमवर. डावा हात कवायतीसारखा सरळ चालतो, उजवा मुद्दाम ठेका चुकवत त्याची थट्टा करतो, असं ते संगीत. अमेरिकेतल्या काळ्या संगीतकारांनी गुत्त्यांत आणि नाचघरांत वाजवता वाजवता ते घडवलं. प्रत्येक रचनेनंतर अंकल उभे राहून रचणाऱ्याचं नाव सांगत, "काळा माणूस होता," असं जोडत आणि मगच बसत. चहा पिणाऱ्या पाहुण्यांना याचं काय करावं कळत नसे. शेवटी मॅनेजरने सुचवलं, नुसतं 'जुनं अमेरिकन संगीत' म्हणा.

"बघ," अंकल मला म्हणाले, "आधी नाव जातं, मग माणूस."

"अंकल, मॅनेजर साधा आहे हो."

"साधा माणूस दर वाक्याला हबीबी म्हणत नाही रे."

मग हॉटेलने स्वतःच वाजणारा पियानो घेतला. माणसाने एकदा वाजवायचं. पुढे पट्ट्या आपोआप खालीवर होतात. मॅनेजरने केक कापला, अंकलना 'लेजेंड' म्हटलं आणि त्यांचं वादन कायमचं जतन करू, इन्शाल्ला, असं भाषण ठोकलं. अंकलनी घरी येऊन थेट बॅग काढली. "जिवंत माणसाला जतन कशाला करतात?"

मला हा संशय अती वाटला. पण रेकॉर्डिंग त्यांनी विनातक्रार करून दिलं. मॅनेजर तेव्हा फोटो काढून निघून गेला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत अंकलची नोकरी खलास. ते वसईला परतले.

पियानोच्या उद्घाटनाला मी मुलाला घेऊन गेलो. मॅनेजरने बटण दाबलं. डावीकडच्या पट्ट्या धम्-चक, धम्-चक चालू लागल्या. उजवीकडे सगळं स्तब्ध. मॅनेजर वायर तपासू लागला. पाहुण्यांनी मात्र जोरात टाळ्या वाजवल्या.

"डॅड, व्हेअर इज द ट्यून?"

मी बाहेर येऊन वसईला फोन लावला. "अंकल, उजवा हात कुठे आहे?"

"माझ्याबरोबर आला. हवा असेल तर नावासकट बोलवा म्हणावं." मग त्यांनी हळूच विचारलं, "टाळ्या पडल्या?"

"पडल्या. जोरात."

"बघ," अंकल म्हणाले, "वाटलंच होतं मला."